सोर्स कोडपासून फ्रीबीएसडीचे रिलीज तयार करताना

अनेक संगणकांवर एकसारखी प्रणाली बसवायची असेल, तर ती स्वतः बिल्ड करून (म्हणजे सोर्स कोडपासून चालवण्याजोगी बांधून) तिचा इन्स्टॉलर तयार करणे हा खात्रीचा मार्ग आहे. सोलापुरातील महाविद्यालयांच्या लॅबसाठी मी फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम सुचवतो, कारण तिचा कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा गाभा), मूळ प्रणालीचा उर्वरित भाग आणि रिलीज बांधण्याची स्क्रिप्ट हे सारे एकाच सोर्स ट्रीमध्ये, म्हणजे सोर्स कोडच्या एकाच संग्रहात, मिळते.

प्रथम ब्रँच, म्हणजे सोर्सची कोणती शाखा घ्यायची ते, ठरवावी. ‘मेन’मध्ये रोजचा विकास चालतो, लॅबसाठी ‘रेलेंग’ घ्यावी, कारण तीत सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्याच येतात. गिट या सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने सोर्स उतरवल्यावर कमिटचा हॅश (त्या आवृत्तीचा ओळखक्रमांक) लगेच नोंदवून ठेवावा, कारण पुढे एखादा दोष आढळला, तर इमेज नेमक्या कोणत्या सोर्सपासून तयार झाली हे त्यावरूनच सांगता येते.

‘मेक बिल्डवर्ल्ड’ ही कमांड आधी कंपायलर (सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आणि त्याची साधने बांधते, मग त्यांच्याच आधारे मूळ प्रणाली बांधते. कर्नल बांधणारी ‘मेक बिल्डकर्नल’ त्यानंतरच चालवावी. सर्वाधिक वेळ क्लँग हा कंपायलर आणि त्याचा पाया असलेले एलएलव्हीएम खातात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत तासन्‌तास पूर्ण भाराने चालणारा प्रोसेसर तापून आपला वेग कमी करतो. म्हणून समांतर जॉबची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) संख्या कमी ठेवावी, बिल्ड रात्री लावावे आणि संगणक यूपीएसवर असावा. वीज गेल्यास चाचणीचे बिल्ड तिथून पुढे चालवता येते, परंतु अंतिम रिलीजसाठी जुन्या ऑब्जेक्ट फाइल (आधीच्या बिल्डमध्ये बनलेल्या मधल्या फाइल) पूर्ण पुसून नव्यानेच सुरुवात करावी. यात तडजोड नको.

कर्नलमध्ये बदल हवे असल्यास ‘जेनेरिक’ या कर्नलच्या मूळ कॉन्फिग फाइलला हात न लावता वेगळ्या नावाची कॉन्फिग फाइल लिहून तीत ‘जेनेरिक’ समाविष्ट करावी.

पॅकेजिंगसाठी ‘रिलीज डॉट एसएच’ ही स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवावी. ती वेगळ्या क्रूटमध्ये (उर्वरित प्रणालीपासून अलग केलेल्या फोल्डरमध्ये) सारे काम करते, त्यामुळे तुमच्या संगणकावरील इतर सॉफ्टवेअर रिलीजमध्ये मिसळत नाही. यातून मूळ प्रणाली व कर्नल यांचे संकुचित संच, डिस्कची आयएसओ फाइल आणि पेनड्राइव्हची इमेज तयार होते. त्यांसोबतची ‘मॅनिफेस्ट’ फाइल उघडून जरूर पाहावी: प्रत्येक ओळीत संचाचे नाव, त्याचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, जणू बोटाचा ठसा असा आकडा) आणि आतील फाइलींची संख्या दिसते. इन्स्टॉलर याच हॅशशी संच पडताळतो. एखाद्याने संच उलगडून त्यात हाताने फेरफार केला, तर पडताळणी फसते. म्हणून बदल नेहमी सोर्समध्ये करावा आणि रिलीज पुन्हा बांधावे.

इमेज वाटण्यापूर्वी ती व्हर्च्युअल मशीनवर आणि मग लॅबमधील सर्वांत जुन्या संगणकावर, यूईएफआय आणि बायॉस अशा संगणक सुरू होण्याच्या नव्या व जुन्या दोन्ही पद्धतींनी सुरू करून पाहावी. पेनड्राइव्हवर इमेज ‘डीडी’ या कमांडने लिहिताना डिस्कचे नाव आधी ‘जिओम डिस्क लिस्ट’ या कमांडने तपासावे. नाव चुकल्यास हार्ड डिस्कवरील मजकूर कोणतीही विचारणा न होता पुसला जातो.