फुटेज आहे, पण क्लिप लाल: लग्नाच्या एडिटिंगमध्ये या चुका टाळा

लग्नसराईत सांगली-मिरजेतल्या एडिटरकडे एका वेळी चार-पाच लग्नं टाइमलाइनवर (क्लिपा क्रमानं लावायच्या पट्टीवर) असतात. शूटिंग एकाचं, ड्रोन दुसऱ्याचा, एडिटिंग तिसऱ्याकडे. हार्ड डिस्क इस्लामपूरहून विट्याला, विट्याहून सांगलीला फिरते. मग कुणीतरी प्रोजेक्ट उघडतं, 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी येते आणि फोन वाजतो: "दादा, फुटेज उडालं की!"

बहुतेक वेळा काहीही उडालेलं नसतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर एडियस असो, प्रीमियर असो वा रिझॉल्व्ह, प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच. त्यात असतात पत्ते (कोणता ड्राइव्ह, कोणतं फोल्डर, कोणतं नाव) आणि कुठे कापलं, काय लावलं याच्या नोंदी. म्हणून तर कित्येक जीबी फुटेजच्या लग्नाचा प्रोजेक्ट मोजक्या एमबीत मावतो. फाइल हलली, नाव बदललं, की क्लिप लाल.

लाल क्लिपची मला फारशी भीती वाटत नाही, कारण ती दिसते. खरी काळजी असते ती चुकीच्या फाइलला जोडल्या गेलेल्या क्लिपची. ती लाल नसते, नीट चालते, रेंडर होऊन तयार व्हिडिओतही जाते. कळतं ते पार्टीच्या (म्हणजे लग्नवाल्या ग्राहकाच्या) घरी, सगळे पाहुणे टीव्हीसमोर बसल्यावर.

रीलिंक झालं (क्लिपला फाइल पुन्हा जोडली) म्हणजे बरोबर झालं, असं धरू नका

अनेक सोनी कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं की व्हिडिओची नावं पुन्हा सी०००१ पासून सुरू होतात. हळदीचं कार्ड, लग्नाचं कार्ड, दुसऱ्या कॅमेऱ्याची कार्डं असं धरलं तर एकाच लग्नात सी००१२ नावाच्या तीन-चार फाइली सहज निघतात. आता प्रीमियरची 'लिंक मीडिया' खिडकी आठवा. ती मुळात फाइलचं नाव आणि एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी असलेला फाइलचा प्रकार) जुळतंय का एवढंच बघते, आणि 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली' ही खूण आधीच केलेली असते. तुम्ही घाईत पहिल्या क्लिपसाठी हळदीचं फोल्डर दाखवलंत, तर बाकीच्या क्लिपाही ती तिथूनच शोधून जोडते. मंगलाष्टकांच्या जागी हळदीचं ताट येतं. लांब शॉट असेल तर लगेच लक्षात येईल. पण हायलाइटमधला (लग्नाच्या छोट्या झलकेतला) दोन सेकंदांचा कट कुणाच्या नजरेत भरणार?

ओळखायच्या खुणा आहेत. नवी फाइल जुनीपेक्षा छोटी असेल तर टाइमलाइनवर क्लिपच्या शेवटी तिरक्या रेघा दिसतात. भटजींचा आवाज एक आणि ओठ वेगळेच हलताना दिसले, की तीही खूणच. रीलिंक करताना त्याच खिडकीत 'मीडिया स्टार्ट'वर टिक करा, म्हणजे टाइमकोडही (फाइलमधली वेळेची नोंद) जुळवला जाईल. मात्र प्रत्येक फाइलचा टाइमकोड शून्यापासूनच सुरू होत असेल, तर या टिकचा काही उपयोग नाही.

म्हणून पक्का उपाय एडिटिंगला बसण्याआधीचा. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर: '०१_हळद_कॅमेरा-अ_कार्ड-१', '०२_लग्न_कॅमेरा-ब_कार्ड-१' असं. मग फाइलच्या मूळ नावापुढे तेच शब्द जोडा आणि त्यानंतरच इम्पोर्ट करा. मूळ नाव पुसू नका. गोप्रो एकाच सलग शूटचे तुकडे करतो, त्यात जीएक्स०१, जीएक्स०२ हा तुकड्याचा क्रमांक असतो आणि शेवटचे चार आकडे सारखे. ते गेले की जोड लावणं कठीण. एव्हीसीएचडी या फॉरमॅटमध्ये शूट करणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांचं कार्ड मात्र जसंच्या तसं, सगळ्या फोल्डरांसकट कॉपी करा आणि आतल्या नावांना हात लावू नका. लांब क्लिपचे तुकडे त्या रचनेच्या आधारेच जुळतात.

इम्पोर्ट झाल्यावर नावं बदलायचा मोह कितीही झाला तरी थांबा.

जिथे सापडली तिथूनच ओढलेली फाइल

लाल क्लिपा सगळ्यांत जास्त इथून येतात. नवरदेवाच्या भावानं पेनड्राइव्हवर लहानपणीचे फोटो आणले, ते तिथूनच टाइमलाइनवर टाकले आणि पेनड्राइव्ह त्याच्यासोबत परत गेला. पत्रिकेचा फोटो डाउनलोड्समध्ये, गाणं डेस्कटॉपवर. झिप फाइल न सोडवता विनरारमधून थेट ओढलेली फाइल तर विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये उतरते आणि पुढच्या साफसफाईत जाते. क्लाउड ड्राइव्हमधल्या फाइली कधीकधी नावालाच कॉम्प्युटरवर असतात, नेट गेलं की त्याही गेल्या.

व्हॉट्सॅपचा प्रश्न वेगळा आहे. तिथून व्हिडिओ आला की दाबला जातो, म्हणजे त्याचा आकार आणि दर्जा कमी होतो, आणि नावही बदलतं. पुढे मूळ फाइल मिळाली तरी नावावरून ती जुळणार नाही, हातानं 'रिप्लेस फुटेज' करावं लागेल. पार्टीला सांगा: व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा दाबला जात नाही.

नियम एकच ठेवा. प्रत्येक लग्नाचं एक फोल्डर, आधी फाइल त्यात, मग प्रोजेक्टमध्ये.

ड्राइव्हचं अक्षर

काल हार्ड डिस्क 'ई' होती, आज आधी पेनड्राइव्ह लावला म्हणून ती 'एफ' झाली. कधीकधी एवढ्यानंच सगळी टाइमलाइन लाल होते. काहीही रीलिंक करायच्या आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत द्या आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडा. कामाच्या डिस्कना शेवटाकडची अक्षरं दिलीत, तर पेनड्राइव्हशी गाठ पडत नाही. मॅकवर अक्षराऐवजी डिस्कचं नाव असतं, ते बदलू नका.

'कलेक्ट' केलं, आता सगळं आलं?

नाही. प्रीमियरचा प्रोजेक्ट मॅनेजर फाइली गोळा करतो, पण डायनॅमिक लिंकनं (थेट जोडणीनं) जोडलेल्या आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या कॉम्पोझिशन त्यात येत नाहीत. फॉन्ट आणि प्लगइनही येत नाहीत. मराठी नावांच्या पट्ट्या समोरच्या मशीनवर विस्कटतात त्या यामुळेच. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो. त्यातून काढलेल्या डीआरपी फाइलमध्ये (प्रोजेक्टच्या फाइलमध्ये) मीडिया, म्हणजे मूळ व्हिडिओ-आवाज, नसतो. मीडियासकट हवं असेल तर 'प्रोजेक्ट आर्काइव्ह' काढा.

गोळा केलेला प्रोजेक्ट त्याच कॉम्प्युटरवर उघडून "सगळं दिसतंय" म्हणणं ही तपासणी नव्हे, कारण तो गुपचूप जुन्या फोल्डरमधूनच क्लिपा घेत असू शकतो. सॉफ्टवेअर बंद करा. मूळ फोल्डरच्या नावापुढे एक 'क्ष' लावा. बाकीच्या बाहेरच्या डिस्क काढा. आता नव्या जागेवरचा प्रोजेक्ट उघडा. जे लाल दिसेल ते आलेलं नाही. यादी करा, नाव पूर्ववत करा, राहिलेलं कॉपी करून लिंक करा.

प्रीमियरच्या प्रोजेक्ट पॅनलमध्ये लिस्ट व्ह्यू करून 'स्टेटस' हा रकाना लावता येतो. त्यावर क्लिक केलं की ऑफलाइन क्लिपा एकत्र येतात, अख्खी टाइमलाइन चाळावी लागत नाही. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये फ्रेम मिळाली नाही तर रेंडर थांबवायची सोय आहे. ती चालूच राहू द्या. रात्रीचं रेंडर अडलं तर चिडचिड होते, पण लाल पाटीसकट व्हिडिओ पार्टीच्या हातात जाण्यापेक्षा ते बरं.

कार्ड फॉरमॅट करण्याआधी कार्डाची आणि कॉपीची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवा. कॉपी दोन हव्यात, आणि त्या दोन डिस्कवर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात मारुती चौक, टिळक चौकात पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर स्टुडिओ असेल तर दुसरी डिस्क तिथे ठेवू नका. घरी वरच्या मजल्यावर ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याकडे द्या. डिस्कवर स्टिकर लावून त्यावर लग्नाची तारीख, दोन्हीकडची आडनावं आणि प्रोजेक्ट कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या व्हर्जनचा आहे, हे लिहा. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात सहसा उघडत नाही.