एचबीबी जनुकाची माहिती ऑनलाइन डेटाबेसमध्ये कशी शोधावी

बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे संगणकाने जैविक माहिती अभ्यासणं, शिकायचं म्हटलं की बरेच जण आधी प्रोग्रॅमिंगचा कोर्स शोधतात. माझ्या मते सुरुवातीला ब्राउझर पुरेसा आहे. फक्त जनुक असं निवडावं, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. मग कुठला डेटाबेस काय आणि कसं सांगतो, एवढंच शिकायचं उरतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्यासाठी उत्तम. हिमोग्लोबिनमधलं बीटा ग्लोबिन हे प्रथिन बनवणाऱ्या एचबीबी जनुकात जीएजी या तीन डीएनए-अक्षरांचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बदल एका अक्षराचा, पण त्याचा माग काढताना नवख्यांचे बहुतेक गोंधळ भेटतात.

१. एनसीबीआय (NCBI) या अमेरिकी सरकारी केंद्राच्या संकेतस्थळावर ‘जीन’ विभागात जनुकाचं नाव रोमन लिपीत (HBB) टाइप करा आणि निकालांतून माणसाचं, म्हणजे होमो सेपियन्सचं पान उघडा. त्याच नावाची इतर प्राण्यांची जनुकंही तिथे असतात. हे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. पानावरून रेफसेक, म्हणजे एनसीबीआयच्या प्रमाण क्रमांचे, क्रमांक टिपून घ्या: एमआरएनएसाठी (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या रेणूसाठी) एनएम_०००५१८, प्रथिनासाठी एनपी_०००५०९. पुढे टिंब देऊन येणारा आकडा आवृत्तीचा असतो, तोही लिहा.

२. आता युनिप्रॉट (UniProt) या प्रथिनांच्या डेटाबेसवर पी६८८७१ ही नोंद उघडा. युनिप्रॉटमध्ये दोन प्रकारच्या नोंदी असतात. स्विस-प्रॉटमधल्या तज्ज्ञांनी वाचून तपासलेल्या, तर ट्रेंबलमधल्या संगणकाने भरलेल्या. ही पहिल्या प्रकारची आहे. लांबी दिसेल १४७ अमिनो आम्लं.

इथे पहिली ठेच लागते. पाठ्यपुस्तकात बदल ६व्या स्थानावर असतो, युनिप्रॉटमध्ये ७व्या. चूक कोणाचीच नाही. प्रथिन तयार होताना सुरुवातीचं मिथिओनिन छाटलं जातं आणि १४६ उरतात. जुनी मोजणी छाटलेल्या प्रथिनावरची, आजची प्रमाण पद्धत मिथिओनिन धरून मोजते. आपल्या जनुकाच्या जुन्या शोधनिबंधात आणि नव्या अहवालात एकाचा फरक दिसला, तर आधी हेच कारण तपासा.

३. क्लिनव्हार (ClinVar) या जनुकबदल आणि आजारांचे संबंध नोंदणाऱ्या डेटाबेसमध्ये हाच बदल ‘सी.२०ए>टी’ असा (प्रथिन लिहिणाऱ्या भागातल्या २०व्या अक्षरात ए चं टी) नोंदलेला आहे, रोगकारक म्हणून. शेऱ्याशेजारचे तारे जरूर पाहा: शून्य ते चार, आणि ते आजाराची तीव्रता नव्हे, तर त्या निष्कर्षाची तपासणी किती झाली आहे ते सांगतात. डीबीएसएनपी (dbSNP) या डीएनएतल्या छोट्या बदलांच्या डेटाबेसमध्ये याचा क्रमांक आरएस३३४. पण तिथे ए>टी नाही, टी>ए दिसतं! एचबीबी हे जनुक संदर्भ जिनोमच्या (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या संपूर्ण डीएनए क्रमाच्या) उलट्या पेडावर आहे, म्हणून जोडीदार अक्षर येतं. शिवाय त्याच जागी इतरही अक्षरबदल नोंदलेले आहेत. नुसता आरएस क्रमांक देऊन भागत नाही, कुठून कुठे बदललं तेही लिहावं लागतं.

जिनोमवरचा पत्ताही संदर्भ जिनोमच्या आवृत्तीनुसार बदलतो. जीआरसीएच३८ मध्ये ५२२७००२, जीआरसीएच३७ मध्ये ५२४८२३२. जागा तीच.

४. नोमॅड (gnomAD) या जगभरातल्या लोकांच्या जनुकबदलांच्या संग्रहात हा बदल किती लोकांत आढळतो ते पाहा. आफ्रिकी वंशाच्या गटात तो बराच दिसतो, कारण वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणजे ‘वारंवार आढळतो, तर निरुपद्रवीच असणार’ हा तर्क इथेच मोडतो. दक्षिण आशियाई गटाचा आकडा मात्र जपून वापरा. आपल्याकडे सिकलसेल काही समाजांत एकवटलेला आहे. मोठ्या गटाच्या सरासरीवरून गडचिरोलीच्या एखाद्या गावाबद्दल काही म्हणता येणार नाही. भारतीयांपुरतं पाहायचं तर १,०२९ जणांच्या जिनोमवर उभारलेला इंडिजिनोम्स हा संग्रह खुला आहे.

५. सगळ्यात रंजक जागा म्हणजे प्रोटीन डेटा बँक, प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह. तिथे २एचबीएस (2HBS) ही सिकल हिमोग्लोबिनची रचना शोधा, त्रिमितीय दृश्य ब्राउझरमध्येच उघडतं. बीटा साखळीतलं ६वं (हो, इथे पुन्हा ६वं) व्हॅलिन निवडा. शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या ८५व्या फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८व्या ल्युसिनजवळच्या खोबणीत ते रुतलेलं दिसेल. ऑक्सिजन सुटल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू असे एकमेकांना चिकटत जातात, त्यांचे लांब तंतू होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

६. प्रथिनाचा फास्टा (साध्या मजकुरातला) क्रम घेऊन ब्लास्टपी (BLASTP) हे सारखी प्रथिनं शोधणारं एनसीबीआयचं साधन चालवा, जीव म्हणून माणूस निवडा. बीटाच्या खालोखाल डेल्टा ग्लोबिन येईल. दोघांत १४६ पैकी जेमतेम १० अमिनो आम्लांचा फरक. ई-व्हॅल्यू (असे जुळणारे निकाल निव्वळ योगायोगाने किती मिळतील याचा अंदाज) शून्याजवळ आहे म्हणून तेच प्रथिन सापडलं असं समजू नका, ओळखीची टक्केवारी आणि किती लांबी जुळली तेही वाचा.

७. हेच सगळं स्वतःच्या जनुकावर करताना रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही सार्वजनिक साधनांत टाकू नका. प्रत्येक शोधाची तारीख, डेटाबेसची आवृत्ती आणि क्रमांक लिहून ठेवा, कारण नोंदी बदलत राहतात. आणि यादी एक्सेलमध्ये भरणार असाल, तर जनुकांच्या नावांचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. एक्सेल मार्च१ आणि सेप्ट१ या जनुकांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. जुन्या याद्यांमध्ये त्या तारखा अजून सापडतात.