भाकरी मोडते, डाळ शिजत नाही, पोरं भाजी ढकलतात : घरच्या स्वयंपाकात या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या गल्लीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "ताई, भाकरी थापायला घेतली की चिरतेय, काय करू?" विचारणारीने बहुतेक वेळा नुकतंच घर मांडलेलं असतं, बाहेरचं खाणं बंद करायचं असं मनाशी ठरवलेलं असतं आणि चार दिवसांत तिचा धीर सुटत आलेला असतो. तवा कसला आहे, गॅस किती ठेवतेस, हे मी विचारत नाही. पीठ कधी दळलंस, एवढंच विचारते.

सोलापुरात पाच माणसांचा स्वयंपाक करून मला अठरा वर्षं झाली. सासूबाईंना साखर, नवऱ्याला बीपी, दोन वाढती मुलं. या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. घरचं जेवण बिघडतं ते बहुतेक गॅस पेटवायच्या आधी. गिरणीत बिघडतं, डब्यात बिघडतं, आदल्या रात्री कडधान्य भिजत घालायचं राहतं तिथे बिघडतं. आणि घरचं आहे म्हणून ते आपोआप पौष्टिक होतं असंही नाही.

भाकरी : दोष हाताचा नाही, पिठाचा

गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसतं. ज्वारीचं पीठ एकमेकांना धरून राहतं ते गरम पाण्याने फुललेल्या स्टार्चमुळे आणि ताज्या पिठाच्या विरीमुळे, म्हणजे चिकटपणामुळे. दळून बरेच दिवस झाले की विरी जाते, मग कितीही मळा, कडा चिरतातच. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दळलेल्या पिठातली चरबी त्या उष्णतेत लवकर खवट होते आणि भाकरीला कडवट चव येते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी गिरणीच्या फेऱ्या वाचवायला दहा किलो ज्वारी एकदम दळून आणली. शेवटचं तीन किलो पीठ गायीला घालावं लागलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "धान्य साठवायचं असतंय गं, पीठ न्हाई." तेव्हापासून थंडीत पंधरा दिवसांचं आणि उन्हाळ्यात आठ दिवसांचं दळण, हा नियम मी मोडलेला नाही.

गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात दाबून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि पिठाला वास लागतो. जुन्या चादरीवर पसरून पूर्ण गार करा, मग भरा.

ज्वारी कुठली घेता, यानेही फरक पडतो. पावसाळी पिकाची ज्वारी कणसात भिजली तर दाणा काळपट होतो आणि त्याचं पीठ भरभरीत लागतं. आपला शाळू पाऊस सरल्यावर पेरतात, तो काळ्या रानातल्या ओलीवर येतो, त्यामुळे दाणा मोत्यासारखा राहतो. मालदांडी हे याच शाळूचं वाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी मी शाळूच घेते, कारण त्या भाकरीला वरून तूप-तेल लावावं लागत नाही, ती तशीच मऊ राहते.

पीठ जुनं झालंच असेल तर टाकून देण्याआधी आधण घालून बघा. वाटीभर पाण्याला चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळी आणा, वाटीभर पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळा. मात्र पिठाला खवट वास येत असेल तर आधणाचा काही उपयोग नाही.

एकदम दहा भाकऱ्यांचं पीठ भिजवणं हीही नेहमीची चूक. दोन भाकऱ्यांपुरतंच मळा, त्या तव्यावर गेल्या की पुढचं. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाणी फिरवतात. ते पाणी जिरलंय पण पृष्ठभाग अजून ओलसर दिसतोय, हा उलटायचा क्षण. आधी उलटली तर तव्याला चिकटते. पाणी पुरतं वाळू दिलं तर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. कडा जाड नि मध्ये पातळ थापली गेली तरीही ती फुगत नाही.

आता सासूबाईंच्या साखरेचं. ज्वारीने साखर वाढत नाही, असं समजून आमच्या घरी बरीच वर्षं तीन-तीन भाकऱ्या वाढल्या जायच्या. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम चोथा असतो हे खरंच, पण सत्तरीच्या जवळपास कर्बोदकंही असतात. चोथ्यामुळे साखर जरा सावकाश चढते, पण चढते. डॉक्टरांनी समजावल्यावर आम्ही भाकरी दीड केली आणि आमटीची वाटी मोठी केली. त्यांच्या ताटात मी एवढाच बदल केला.

कडक भाकरीबद्दल दोनच शब्द. ती अगदी पातळ थापायची, मंद आचेवर ओल पूर्ण जाईपर्यंत भाजायची आणि डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्यायची. कोमट असताना भरलेली कडक भाकरी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. तशी झाली तर तव्यावर पुन्हा मंद शेकून घ्या, परत कडक होईल.

शेंगा चटणी

ही आपल्या सोलापूरची ओळख, म्हणून जरा परखड बोलते. चटणी कडवट झाली की लोक तिखटाला दोष देतात. खरी चूक शेंगदाणे मोठ्या आचेवर भाजण्याची असते. बाहेरून काळे डाग पडतात आणि आत दाणा कच्चाच राहतो. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वीस मिनिटं तरी द्या. टरफल बोटाने चोळल्यावर सुटलं आणि दाणा आतून फिक्या बदामी रंगाचा झाला की उतरवा.

खरी शेंगा चटणी उखळात कुटलेली. घाव बसतात तसं दाण्याचं तेल सावकाश सुटतं आणि चटणी ओलसर, भरड राहते. मिक्सर सलग फिरवला तर पातं तापतं आणि दोन मिनिटांत तेलकट गोळा होतो. मिक्सरच वापरायचा असेल तर दाणे पुरते गार झाल्यावर एकेक झटका देत, मध्ये चमच्याने हलवत फिरवा. लसूण सालासकट, शेवटी घाला. तरीही गोळा झालाच, तर मूठभर भाजलेले दाणे वेगळे भरड कुटून त्यात मिसळा.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र वेगळीच आहे. कुबट वासाचे, काळे-हिरवट पडलेले, सुरकुतलेले दाणे काही जणी चोळून, भाजून वापरतात. शेंगदाण्यावर बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने, शिजवण्याने पुरतं जात नाही. असे दाणे निवडून फेकाच. पोत्याला वास येत असेल तर पोतंच नको. पावसाळ्यात मी किलोभरच दाणे आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

आणि चटणी ही भाजी नव्हे. दाण्यात जवळपास निम्मी चरबी आणि पाव हिस्सा प्रथिनं असतात. अन्न उत्तम आहे, पण दोन चमचे. घाईच्या दिवशी मुलांना नुसती चटणी-भाकरी देऊन डबा भरल्याचं समाधान मीही घेतलं आहे. आता त्याच डब्यात काकडी नाहीतर गाजर जातंच.

डाळ शिजत नाही, कडधान्याला वास येतो

कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही तूरडाळ कडक राहिली, तर तीन गोष्टी बघा. डाळ फार जुनी आहे का? पाणी बोअरचं आहे का? चिंच किंवा टोमॅटो आधीच घातला होता का? बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ मऊ पडत नाही, आंबटपणानेही तेच होतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे स्वयंपाकात बोअरचं पाणी वापरलं जातं. डाळीपुरतं तरी नळाचं साठवलेलं पाणी बाजूला ठेवा. डाळ अर्धा तास भिजवा, आंबट शेवटी घाला. सोडा घालून डाळ मऊ करण्याची सवय सोडा, त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

हुलगे (कुळीथ), मटकी, चवळी आदल्या रात्री भिजत घालायचे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि रात्री अकरा वाजता सगळे विसरतात. मी जेवणाची भांडी आवरताना वाटीभर कडधान्य पाण्यात टाकते, मगच दिवा बंद करते. भिजवल्याने, मोड आणल्याने कडधान्यातलं फायटेट, म्हणजे लोह अडवून धरणारा घटक, कमी होतो आणि त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. उन्हाळ्यात मोड एका रात्रीत येतात, आणि तितक्याच लवकर बुळबुळीत होऊन वास मारतात. भिजवलेलं पाणी पूर्ण निथळून टाका, फडकं ओलसर असू दे पण पाणी गळणारं नको, सकाळी धुऊन लगेच वापरा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. आंबूस वास आला तर भाजी करून खपवू नका.

काळं तिखट तापलेल्या तेलात थेट टाकलं की करपतं आणि सगळी आमटी कडू होते. गॅस बारीक करा, तिखट टाकल्याबरोबर दोन चमचे पाणी शिंपडा. आमटी पांचट झाली तर वरून तिखट-मीठ ओतत बसू नका. पळीभर शिजलेली डाळ घोटून घाला किंवा दाण्याचं कूट लावा आणि पाच मिनिटं उकळा.

मिठाचा हिशेब इथेच सांगते. काळ्या तिखटात मीठ असतं, चटणीत असतं, पापड-लोणच्यात तर असतंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात हे सगळं आलं. नवऱ्याचं बीपी निघाल्यावर मी भाकरीच्या पिठातलं मीठ बंद केलं. आठवड्यात कोणाला आठवलंही नाही. तेलाचंही असंच मोजा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल तर माणशी दिवसाला २५ मिली, म्हणजे पाच छोटे चमचे होतात.

पालेभाजी आणि मुलांचं ताट

भाजी चिरून मग धुण्याची चूक फार घरांत होते. चिरलेल्या कडांमधून जीवनसत्त्वं पाण्याबरोबर निघून जातात. आधी धुवा, मग चिरा. परातीत पाणी घेऊन तीनदा बुडवून काढलेली भाजी वाहत्या नळाखाली धरलेल्या भाजीपेक्षा स्वच्छ निघते. माती तळाशी बसते आणि ते पाणी तुळशीला जातं.

थंडीत लक्ष्मी मंडईत हरभऱ्याचा पाला, करडई, चाकवत, अंबाडी यांचे ढीग लागतात. त्या दिवसांत फ्लॉवर नि ढोबळी मिरची घेऊन येणं मला पटत नाही. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, ती जाऊ नये म्हणून जुन्या बायका पाला धूत नसत. आता फवारण्या होतात, तेव्हा धुवाच, आंबटपणाला वरून लिंबू पिळा. अंबाडी फार आंबट झाली तर ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तूरडाळ वाढवा.

मुलं पालेभाजी ढकलतात तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं काही शिजवू नका. एकदा नूडल्स मिळाल्या की रोज भाजी ढकलली जाते. आमच्याकडे मार्ग सापडला तो धपाट्यांतून. मेथी, कांदा, ज्वारी, थोडं बेसन, थोडी कणीक. त्यात चूक एकच होते, पाणी आधी घालण्याची. भाजीला मीठ, तिखट चोळून दहा मिनिटं ठेवा, तिचं पाणी सुटू दे, मग लागलं तरच पाणी घाला. पीठ सैल झालंच तर कोरडं पीठ थापत न बसता ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट तव्यावर उलटा. पण हीच मेथी आठवड्यातून एकदा नुसती भाजी म्हणूनही ताटात वाढा. धाकटीने पहिला घास खायला चार महिने घेतले, आणि आम्ही त्यावरून तिला रागावलो नाही.

जेवल्याबरोबर चहा, ही सवय मोठ्यांनी सोडावी. चहातल्या टॅनिनमुळे पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर थांबा. जेवताना लिंबाची फोड घेतली तर उलट लोह जास्त मिळतं. घरातल्या बायकांनी तर हे पाळायलाच हवं, शेवटी उरलेलं खाणारी तीच असते.

उरलेलं अन्न

एप्रिल-मेमध्ये दुपारी केलेली आमटी रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये. मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो, म्हणून दोन उथळ डब्यांत काढा. भाताचं विशेष सांभाळा, तो बाहेर राहिला तर त्यातल्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

शिळी भाकरी मात्र वाया जाऊ देऊ नका. कुस्करून ताकात भिजवा, कांदा, कोथिंबीर, मीठ घाला. कढीपत्ता-जिऱ्याची फोडणी वेगळी करून पूर्ण गार होऊ द्या, मगच ओता. गरम ओतली तर ताक फुटतं.