वजन उतरवायचंय? किराण्याची यादी काढा

जिमची फी भरण्याआधी मागच्या महिन्याचं किराण्याचं बिल शोधा. त्यातल्या चारच ओळी बघायच्या: तेल, साखर, फरसाण, बिस्किटं. मी डोंबिवलीत राहतो, फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेब लिहितो. ही नर्स आहे, ड्युटी फिरती. दोन पोरं, एक चौथीत, एक सिनिअर केजीत. अशा घरात व्यायामाला सवड मिळेल तेव्हा मिळेल. किराणा मात्र महिन्यातून एकदाच भरायचा असतो, आणि जे घरात आलंच नाही ते रात्री अकराला खाता येत नाही.

आता तेलाचा हिशेब. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रं काढली, त्यात दोन हजार कॅलरीच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. वरचे अकरा ग्रॅम म्हणजे जवळपास शंभर कॅलरी, रोजची एक जास्तीची पोळी. आणि ही पोळी कुणाला दिसत नाही, पोटही भरत नाही. पोरं लहान असली की मोठ्यांच्या वाट्याला याहून जास्त येतं, ते वेगळंच.

तेलाचा ब्रँड बदलून काही होत नाही, माप बदलावं लागतं. महिन्याला चार लिटरच आणायचं आणि आठवड्याचं एक लिटर वेगळ्या बरणीत काढून ठेवायचं. बुधवारीच बरणी तळाला गेली तर गुरुवारी भजी नाहीत, एवढा साधा कायदा. फोडणीला कढईत थेट ओतायचं नाही, चमच्याने घालायचं. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते तवंग नसलेली आमटी आजाऱ्याची. तिच्या वाटीत वरून चमचाभर तूप घालतो, वाद मिटतो.

साखरेचंही तसंच. चौघांत चार किलो म्हणजे माणशी रोज ३३ ग्रॅम, आणि मर्यादा २५च्या आसपास आहे, तीही बाहेरची मिठाई, सरबत, सॉस धरून. चहा एकदम बिनसाखरेचा करू नका, चार दिवसांत सुटेल. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळत नाही.

फरसाण आणि बिस्किटांबाबत मी कडक आहे. ‘पोरांसाठी’ म्हणून आणलेलं बिस्किट पोरं दोन खातात, उरलेला पुडा कोण संपवतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. पाहुण्यांसाठी लागलं तर त्या दिवशी पावशेर आणा. संध्याकाळच्या भुकेला फुटाणे बरे. ऑफिस सुटायच्या आधी मूठभर खाल्ले की प्लॅटफॉर्मवरच्या वडापावचा वास तितकासा छळत नाही. छळतोच, पण निभावतं.

आईबापांचं खास खातं म्हणजे पोरांच्या ताटातलं उरलेलं. दोन घास वरणभात, अर्धं थालीपीठ. अन्न टाकू नये हे आपल्या हाडात मुरलेलं, त्यामुळे ओट्याशी उभ्याउभ्या ते तोंडात जातं, आणि मग आपलं जेवण वेगळं. यावर उपाय वाढतानाच करायचा. आधी निम्मंच वाढा, हवं असेल तर मागतील. जमेल त्या दिवशी त्यांच्याबरोबरच जेवा.

स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. एका घरात दोन स्वयंपाक आठवडाभरही टिकत नाहीत. सगळ्यांचंच ताट थोडं फिरवा: तीन पोळ्यांच्या जागी दोन, आणि वाटीभर उसळ जास्त. मी शनिवारी रात्री मटकी, मूग नाहीतर चवळी भिजत घालतो, रविवारी फडक्यात बांधतो, मोड आले की फ्रिजमध्ये. सोमवार-मंगळवारच्या डब्यांची काळजी मिटते. कोरड्या ५० ग्रॅम मटकीत अकरा-बारा ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. शरीराच्या दर किलोला रोज पाऊण ते एक ग्रॅम लागतं. पंचाहत्तर किलोच्या माणसाने साठ-पासष्ट धरावं. पोळी-बटाट्याच्या डब्याने ते भरत नाही, म्हणूनच चारला पुन्हा भूक लागते.

संकष्टीच्या उपासाने वजन उतरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी खिचडीचं साहित्य एकदा काट्यावर ठेवावं. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. भक्ती असेल तर खुशाल करा, हिशेबात मात्र धरा.

व्यायामाचं थोडक्यात: आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चालणं, ते दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांनी झालं तरी चालतं. पोरं बागेत खेळत असतील तर बाकावर बसू नका, फेऱ्या मारा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून बैठका आणि ओट्यावर हात टेकवून जोर होतात. हे सोडू नका, कारण नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

काट्यावर आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाआधी उभं राहा. रोज बघितलं तर लग्नातल्या एका जेवणाने दीड किलो वाढलेलं दिसतं, ते बहुतेक मिठाने धरलेलं पाणी असतं. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. ऐंशी किलोचा माणूस सहा महिन्यांत चार किलो उतरला तरी रक्तदाब आणि साखरेवर फरक पडतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर खूप खाली येऊ शकते. अंगावर दूध पाजणाऱ्या आईने डाएटच्या फंदात पडू नये, तिला उलट जास्त खावं लागतं. आणि हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत काटा हलला नाही, थकवा, केस गळणं असं काही असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे.