मोटरसायकलवर जीपीएसऐवजी फोन: माउंट, वायरिंग आणि नकाशे

वेगळं जीपीएस यंत्र विकत घेण्याची गरज बहुतेक चालकांना आता उरलेली नाही. पण त्याच्या जागी हँडलबारवर लावायचा फोन खिशातला रोजचा फोन नसावा. घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन या कामाला जास्त बरा. गाडी पडली की चालक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे जाते. मदत मागायचा फोन त्या वेळी अंगावरच हवा.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असलेल्या फोनमध्ये भिंग घट्ट बसवलेलं नसतं. ते तरंगतं असतं आणि चुंबक-कॉइलच्या जोरावर सूक्ष्म सरकतं. इंजिनाची थरथर हँडलबारमधून थेट तिथे पोचते आणि कालांतराने कॅमेरा फोकस धरेनासा होतो. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये याबद्दल लेखी सूचनाच दिली: मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन बसवू नका आणि मोपेड-स्कूटरवर बसवायचा तर थरथर शोषणारा माउंट (फोन धरून ठेवणारी पकड) वापरा. अशा माउंटमुळे धोका कमी होतो, संपत नाही. जुन्या फोनचा कॅमेरा बिघडला तर फरक पडत नाही.

जुन्या फोनमध्ये सिम नसलं तरी चालतं, कारण जीपीएसचा सिग्नल उपग्रहाकडून येतो, मोबाइल टॉवरकडून नाही. नेट असलं की उपग्रहांच्या कक्षेची माहिती फोन चटकन उतरवून घेतो एवढाच फरक. नेट नसलं तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते. प्रत्येक उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि मध्येच सिग्नल तुटला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. म्हणून निघण्याआधी दोन-तीन मिनिटं गाडी उघड्या आकाशाखाली उभी ठेवा. इमारतींच्या गल्लीतून लगेच निघालात तर बाण बराच वेळ भलतीकडेच दिसेल. वाहतुकीची ताजी माहिती हवी असेल तेव्हा खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

टॅबलेट घेताना मात्र सावध राहा. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस चिप नसतेच. सेल्युलर आयपॅडमध्ये असते. अँड्रॉइड टॅबलेटच्या माहितीपत्रकात जीपीएस लिहिलेलं आहे का ते वाचा. आठ इंचांपेक्षा मोठा टॅबलेट मोटरसायकलवर अडचणच करतो. त्याला मीटरच्या वर आडवा बार लागतो, म्हणजे साहसी प्रकारच्या उंच गाड्यांखेरीज जागाच मिळत नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह मालिकेत हातमोज्यांतून चालणारा टच आणि बदलता येणारी बॅटरी मिळते, म्हणून टॅबलेटच हवा असेल तर आधी ती बघा.

माउंट

हँडलबारचा व्यास आधी मोजा. साधारणतः तो २२ किंवा २८ मिमी असतो आणि मधल्या, क्लॅम्पजवळच्या भागात जाड होत जातो. गोळा आणि सॉकेटवाल्या माउंटमध्ये फोनसाठी एक इंची गोळा पुरतो, टॅबलेटला दीड इंची घ्या. मधला दांडा शक्य तितका आखूड ठेवा. लांब दांडा थरथर वाढवतो. स्क्रीन मीटरच्या वर आली तर उत्तम, कारण नजर रस्त्यावरून फार खाली उतरत नाही. इंडिकेटर किंवा ऑइलचा दिवा झाकला जाता कामा नये. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: फोन टाकीला लागत नाही ना, क्लचची केबल ताणली जात नाही ना.

एक बारीक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पकडीचे जबडे फोनच्या बाजूच्या बटणांवर येऊ देऊ नका. आयफोनमध्ये साइड बटण आणि व्हॉल्यूम बटण एकत्र दाबून राहिलं की आपत्कालीन कॉलची तयारी सुरू होते. इतर फोन असे दाबले गेले की स्क्रीन बंद होते किंवा फोन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतो, आणि चालक मात्र चार्जरला दोष देत बसतो. माउंट कितीही भरवशाचा असला तरी फोनला एक दोरी बांधून तिचं दुसरं टोक हँडलबारला अडकवा.

वीज

पूर्ण उजेडावर नकाशा चालवणाऱ्या फोनला ५ व्होल्ट २ ॲम्पिअरचा चार्जर पुरतो, १८ वॉटचा असेल तर निश्चिंत. थेट बॅटरीला जोडून मोकळं व्हायचा मोह होतो, पण बरेच यूएसबी चार्जर फोन नसतानाही थोडी वीज खात राहतात. हा प्रवाह २० मिलिॲम्पिअर धरला तरी दिवसाला ०.४८ ॲम्पिअर-तास जातात. ९ ॲम्पिअर-तासांची बॅटरी अशाने तीन आठवड्यांच्या आतच रिकामी होते. म्हणून मध्ये रिले (चावी चालू असतानाच वीज पुढे सोडणारा, विजेवर चालणारा स्विच) घाला:

– पिन ३०: बॅटरीच्या धन टोकाकडून, ३ ॲम्पिअरच्या फ्यूजमधून. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.
– पिन ८७: चार्जरकडे, निदान ०.७५ चौरस मिमी वायरने.
– पिन ८६: चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या वायरला, उदाहरणार्थ टेल लॅम्पच्या.
– पिन ८५: अर्थिंगला.

चार्जरचं ऋण टोक थेट बॅटरीला न्या. फोनवर चार्जिंगची खूण दिसते पण टक्के घसरतच जातात, अशा वेळी दोष बहुधा केबलचा असतो. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. आखूड, काटकोनी टोकाची केबल घ्या आणि तिला टोकाजवळच सैल वळसा देऊन माउंटला बांधा, म्हणजे धक्के पोर्टवर येत नाहीत.

ऊन आणि पाऊस

आयफोनसाठी ॲपलने दिलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. ऊन, पूर्ण उजेड आणि चार्जिंग एकत्र आलं की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. वायरलेस चार्जिंगने उष्णता आणखी वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात केबलच बरी. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी फक्त पावसात चढवा. उन्हात फोन तिच्यात शिजतो.

पावसात पाण्याचे थेंब स्क्रीनला बोटासारखे वाटतात आणि नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, कधी मार्गच रद्द होतो. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिनिंग (एकच ॲप स्क्रीनवर अडकवून ठेवायची सोय) सुरू केल्यास निदान ॲप तरी बंद पडत नाही. आयपी६८ या धूळ-पाण्यापासून बचावाच्या मानांकनाच्या भरवशावर ओल्या पोर्टमध्ये केबल ठेवू नका: वीज चालू असताना ओल्या पिना लवकर गंजतात. अशा वेळी केबल काढा, फोन बॅटरीवर चालवा आणि स्क्रीन बंद ठेवून हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर सूचना ऐका.

पोलराइज्ड (चकाकी कमी करणारा) गॉगल वापरत असाल तर फोन उभा आणि आडवा असा दोन्ही प्रकारे धरून बघा. एका दिशेत स्क्रीन काळी पडू शकते.

नकाशे आणि मार्ग

गुगल मॅप्सवर प्रदेश आधी उतरवून ठेवता येतो, पण ऑफलाइन असताना वाहतुकीची माहिती मिळत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारी ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप्स पूर्णपणे नेटशिवाय मार्ग काढतात आणि जीपीएक्स फाइलही (आखलेल्या मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल) उघडतात. उतरवल्यावर फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून एखादा मार्ग काढून बघा. घरीच कळलेलं बरं.

जीपीएक्स फाइलमध्ये ‘रूट’ आहे की ‘ट्रॅक’, हे नीट तपासा. रूटमध्ये मोजकेच बिंदू असतात आणि मधला रस्ता प्रत्येक ॲप आपल्या हिशेबाने काढतं, त्यामुळे घाटातून आखलेला मार्ग दुसऱ्या फोनवर हमरस्त्यावरून जाताना दिसतो. ट्रॅकमध्ये शेकडो बिंदू असतात, रस्ता तोच राहतो. ठरलेल्या रस्त्यानेच जायचं असेल तर ट्रॅक वापरा.

स्वतः बिंदू टाकताना नकाशा भरपूर मोठा करून रस्त्याच्या मधोमध टाका आणि चौकापासून दूर ठेवा. बिंदू चुकून दुभाजकापलीकडच्या बाजूला किंवा शेजारच्या सेवा रस्त्यावर पडला, तर ॲप तिथे पोचण्यासाठी यू-टर्न घ्यायला सांगत राहतं. तो बिंदू काढून टाकेपर्यंत ही टकळी थांबत नाही.

शेवटी फोनची सेटिंग. नकाशाच्या ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, नाहीतर स्क्रीन बंद होताच काही अँड्रॉइड फोन ॲप मारून टाकतात आणि कानातला आवाज गुपचूप थांबतो. लोकेशनची परवानगी ‘अचूक’ ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, टच सेन्सिटिव्हिटीची सोय असेल तर ती सुरू करून हातमोजे घालून बघा. सिग्नलला उभं असताना बाण गरगर फिरला तर घाबरू नका. चालत्या गाडीत दिशा जीपीएसवरून कळते, थांबल्यावर फोन होकायंत्रावर जातो, आणि माउंटमध्ये चुंबक असेल तर ते होकायंत्राला चकवतं. गाडी हलली की बाण ताळ्यावर येतो.