कॉलेज फुटबॉलच्या डेप्थ चार्टवर वाद घालायचा तर कसा घालायचा

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या कॉलेजच्या गावांत एकच विषय, यंदा क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणारा आणि ऑफेन्स चालवणारा, कोण. डेप्थ चार्ट म्हणजे प्रत्येक जागेवर पहिला कोण आणि त्याच्यामागे बॅकअप कोण याची यादी, आणि वाद पेटतो तो तिच्यावरून. कोलंबस किंवा अॅन आर्बरला शिकायला आलेली आपली मराठी पोरं पण सीझन-दोन सीझनमध्ये या वादात ओढली जातातच. वाद जरूर घाला, पण नुसतं "हा भारी, तो भंगार" करण्यापेक्षा मुद्दा नीट मांडता यावा म्हणून हे लिहितोय.

आधी नावं बाजूला ठेवा आणि कामं बघा. ऑफेन्सचे, म्हणजे बॉल ज्यांच्याकडे असतो त्या बाजूचे 11 जण, त्यातले पाच लाइनवाले (पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे) आणि एक क्वार्टरबॅक हे जवळपास ठरलेलेच असतात, बदलतात ते उरलेले पाच. "इलेव्हन पर्सोनेल" म्हणजे एक रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), एक टाइट एंड (अडवणाराही आणि पास पकडणाराही) आणि तीन रिसीव्हर (पास पकडणारे), "ट्वेल्व्ह" म्हणजे टाइट एंड दोन आणि रिसीव्हर दोन, पहिला आकडा बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. त्यामुळे "आपला तिसरा रिसीव्हर कच्चा आहे" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा की आपला कोच तीन रिसीव्हर किती वेळा उतरवतो, तो जर दोन टाइट एंडवालाच असेल तर त्या तिसऱ्यावरून डोकं फोडण्यात अर्थ नाही.

तीन रिसीव्हर पण एकसारखे नसतात बरं का. एक्सवाला लाइनवर उभा असतो, समोरचा कॉर्नर (रिसीव्हरला रोखणारा डिफेन्सवाला) थेट अंगावर येतो, म्हणून तिथे ताकदीचा माणूस लागतो. झेडवाला जरा मागे, त्याला मोशनमध्ये, म्हणजे प्ले सुरू होण्याआधी, फिरवता येतं. स्लॉटवाला आतल्या बाजूला, तिथे पटकन वळणारा पोरगा चालतो. म्हणजे स्लॉटवाला जायबंदी झाला की एक्सचा बॅकअप आपोआप तिथे येईल असं नाही.

आता लाइन, म्हणजे मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. सगळ्यात कमी बोललं जातं ते हिच्याबद्दल, आणि माझ्या मते खरी डेप्थ इथेच कळते. चार्टवर प्रत्येक जागेखाली बॅकअपचं नाव असतं, पण मॅचमध्ये बऱ्याचदा "सहावा माणूस" म्हणून एकच ठरलेला असतो आणि तो दोन-तीन जागा सांभाळतो. समजा लेफ्ट टॅकल जायबंदी झाला आणि कोचने लेफ्ट गार्डला तिथे सरकवून सहाव्याला गार्डवर टाकलं, तर एका दुखापतीत दोन जागा बदलल्या. म्हणून प्रश्न असा विचारायचा की सेंटर जायबंदी झाला तर स्नॅप कोण करणार, म्हणजे बॉल मागे क्वार्टरबॅककडे कोण देणार? कारण समोरचा डिफेन्स बघून कुणी कुणाला अडवायचं ही हाकाटी बहुतेक टीममध्ये सेंटरच देतो. आणि क्वार्टरबॅकचा हात कुठला तेही बघा, अलाबामाचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ डावखुरा, त्यामुळे फेकताना त्याची पाठ उजवीकडे व्हायची आणि ती राखायचं काम राइट टॅकलकडे होतं.

डेप्थ म्हणजे काय हे कुणाला पटवायचं असेल तर 8 जानेवारी 2018 ची कॉलेज फुटबॉलची फायनल सांगा. हाफटाइमला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध 13-0 ने मागे, कोच निक सेबनने दोन वर्षांचा स्टार्टर क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून टुआला आणलं, आणि तो तेव्हा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा). सगळ्यांना आठवतं ते एवढंच. पण त्याच मॅचमध्ये लेफ्ट टॅकल जोना विल्यम्स जायबंदी झाला आणि त्याच्या जागी अॅलेक्स लेदरवूड आला, तोही फ्रेशमन. ओव्हरटाइममध्ये टुआ 16 यार्ड मागे सॅक झाला (बॉल हातात असतानाच पाडला गेला), सेकंड अँड 26 (दुसरा प्रयत्न, 26 यार्ड हवे), आणि पुढच्याच प्लेला 41 यार्डचा टचडाउन पास, पकडणारा डेव्हॉन्टा स्मिथ, परत फ्रेशमनच. अलाबामा 26-23 ने जिंकली. तर एकटा क्वार्टरबॅक बदलून हे झालेलं नाही. ओहायो स्टेटचं 2014 पण तसंच, क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर सीझनच्या आधीच जायबंदी झाला, जे. टी. बॅरेट मिशिगनविरुद्ध जायबंदी झाला, आणि तिसऱ्या नंबरच्या कार्डेल जोन्सने विस्कॉन्सिनला 59-0, मग अलाबामा, मग ओरेगॉन असं करत टायटल आणलं, पण फायनलमध्ये त्याच्यामागून रनिंग बॅक ईझिकिएल एलियटने पळून 246 यार्ड काढले हे विसरू नका.

चार्टवर दोन नावांच्या मध्ये "ऑर" (किंवा) दिसलं की लगेच भांडू नका. कधी खरंच ठरलेलं नसतं, कधी समोरच्याला कळू द्यायचं नसतं, आणि हल्ली ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) दुसरा पोरगा उठून जाऊ नये म्हणूनही लिहितात. 2021 पासून पहिली बदली वर्ष वाया न घालवता करता यायला लागली, तेव्हापासून चांगला बॅकअप क्वार्टरबॅक टिकवणं फार अवघड झालंय. रेडशर्टचंही (बाहेर बसून खेळायच्या वर्षांतलं एक वाचवणं) तसंच, 2018 ला 4 मॅचपर्यंत खेळलं तरी वर्ष वाचतं असा नियम आला. म्हणून "त्या फ्रेशमनला का खेळवत नाहीत" म्हणण्याआधी चालू सीझनचा नियम बघा आणि त्याच्या किती मॅच झाल्या ते मोजा.

फ्रेशमन रनिंग बॅकबद्दल तर एक गोष्ट स्वतः बघा. थर्ड अँड एट (तिसरा प्रयत्न, आठ यार्ड हवे, म्हणजे बहुधा पास) असताना बॉलकडे बघू नका, बॅककडे बघा. लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधल्या फळीतला) आतून क्वार्टरबॅकवर धावत आला तर तो पोरगा आडवा जातो का, योग्य माणसाला धरतो का, की बघतच राहतो? पळायला कितीही भारी असला तरी हे जमेपर्यंत कोच त्याला पासिंग डाउनला उतरवत नाही, आणि म्हणूनच कमी यार्डवाला सीनियर त्याच्या वरती लिहिलेला असतो.