गुन्हेगारी सोडलेल्याची लाइफ हिस्टरी (मुलाखतीतून आयुष्याची कहाणी) कशी घ्यायची (सांगलीवाल्यांसाठी)

पोरगं गुन्ह्यात का शिरलं हे सगळेच विचारतात, तुम्ही त्यातून बाहेर पडलं कसं ते विचारा, सॅम्पसन आणि लॉब या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी 1993 मध्येच मांडलंय की जमलेला संसार, पक्की नोकरी यांनी वाट बदलते.

मोठ्या कागदावर वर्षं आडवी लिहा, खाली घर, काम, दोस्त, केसेस अशा ओळी. तारखा कुणाला आठवत नसतात, म्हणून आधी 2005 आणि 2019 चा महापूर, दहावी, कारखान्याचा गळीत हंगाम असलं काहीतरी भरून घ्यायचं आणि मग "पुराच्या आधी का नंतर?" एवढंच विचारायचं, भराभर आठवतंय बघा.

मानसशास्त्रज्ञ मॉफिटनी सांगितलेले गुन्हा करणाऱ्यांचे दोन गट (लहानपणापासूनचे आणि फक्त वयात येताना भरकटलेले) डोक्यात ठेवा, पण समोरच्यावर शिक्का नको. संमती आधी, आणि कागदावर खरं नाव अजिबात नाही.